जुन्या मोटारींतील ‘जर्मन’

(नभोवाणीवरील भाषण)

सोलापूरचें नांव निघालें कीं चादर, गिरणी आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा या तीन गोष्टी ऐकणाऱ्याच्या मनांत प्रथम येतात. चौथी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हिंदुस्थानांत मोटारी तयार करण्याचा उद्योग ज्या मोजक्या पुरुषांनीं चिकाटीनें उभा केला, त्यांतील एक अग्रगण्य पुरुष याच शहरांत जन्मास आला. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म ता. २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं सोलापुरास झाला. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागींत रेल्वेच्या बांधकामाचे मक्ते घेण्यापासून त्यांच्या उद्योगाचा आरंभ झाला. पुढें १९१९ सालीं सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून विलायतेस निघाली. १९४० च्या डिसेंबरांत बंगळूर येथें ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा विमानांचा कारखाना निघाला. आणि १९४४ सालीं ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ ही मोटारींची कंपनी स्थापन झाली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं गाड्या बाहेर पडूं लागल्या.

विमानाचा कारखाना व मोटारीचा कारखाना यांचा संबंध केवळ एका मालकाचा नव्हता. १९३९ सालीं वालचंदशेठ अमेरिकेस गेले ते मोटारींच्या कारखान्याची जुळवाजुळव करण्याकरितां. त्या प्रवासांत विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाची गांठ पडली आणि विमानाचा कारखानाच आधीं उभा राहिला. परंतु या दोन यंत्रांस जोडणारा याहून जवळचा दुवा म्हणजे एक धातु होय. विमानाचें तर सर्व शरीरच त्याचें. मोटारीच्या ठायीं तो थोडा, पण मोक्याच्या जागीं. तो धातु म्हणजे अल्युमिनियम.

प्रीमियरची जी गाडी घरोघर माहीत झाली, ती इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें तयार होणारी. १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नांवानें आणि पुढें ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ व ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवांनीं ती रस्त्यावर दिसे. २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें वयोमर्यादेच्या नियमामुळें मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींच्या ताफ्यांतूनही तिनें निरोप घेतला. आतां ज्या गाड्या उरल्या आहेत त्या हौशी गृहस्थांच्या घरीं, अंगणांतल्या छपराखालीं अथवा भंगाराच्या वखारींत. त्यांतील कांहींना पुन्हां जीवदान देण्याचा उद्योग ठिकठिकाणीं चालू असतो. अशा वेळीं गाडींतील अल्युमिनियमच्या भागांचें काय करावें, कसें करावें, आणि त्याहून महत्त्वाचें म्हणजे काय करूं नये, हा आजचा विषय आहे.

ज्या धातूस पुस्तकांत अल्युमिनियम म्हणतात त्यास आपल्याकडील स्वयंपाकघरांत ‘जर्मन’ हें नांव आहे. ‘जर्मनचें पातेलें’, ‘जर्मनचा डबा’ हे शब्द सोलापूर जिल्ह्यांतील कोणत्याही घरीं सहज समजतात. हें नांव कसेंही रूढ झालेलें असो, या धातूचा शोध मात्र अनेक देशांनीं मिळून लावला. १८२५ सालीं डेन्मार्कमध्यें एरस्टेड या शास्त्रज्ञानें तो प्रथम वेगळा केला. १८५४ सालीं फ्रान्समध्यें देव्हील यानें तो बाजारांत आणण्याजोग्या रीतीनें काढला. तरी तो इतका महाग होता कीं राजेरजवाड्यांच्या मेजावरच तो शोभे. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल व फ्रान्समध्यें एरू या दोघां तरुणांनीं, एकमेकांस ठाऊक नसतां, विजेच्या साहाय्यानें तो काढण्याची एकच कृति शोधून काढली. दोघेही १८६३ सालीं जन्मलेले, आणि दोघेही १९१४ सालीं वारले. त्यांच्या या कृतीमुळें राजाच्या मेजावरचा धातु गरिबाच्या चुलीवर आला. आपल्या देशांत मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ सालीं या धातूचीं भांडीं करविण्यास सुरुवात केली; प्रत्यक्ष धातु येथें काढण्याचें काम त्रावणकोरांत अलवाये येथें १९४३ सालीं सुरू झालें. ज्या बॉक्साइट नांवाच्या मातीपासून तो निघतो, ती कोल्हापूर जिल्ह्यांत राधानगरीच्या बाजूस सांपडते, आणि बेळगांवास तिच्यापासून अल्युमिना तयार करण्याचा मोठा कारखाना आहे. तेव्हां हा धातु परका म्हणावा असें त्यांत कांहीं उरलेलें नाहीं.

या धातूचे चार गुण प्रथम ध्यानीं घेतले पाहिजेत. कारण दुरुस्तीचीं सर्व कृत्यें त्यांतूनच निघतात. पहिला गुण हलकेपणाचा: त्याचें वजन लोखंडाच्या सुमारें एक-तृतीयांश. दुसरा गुण उष्णता वाहून नेण्याचा: बिडाच्या मानानें तो ती कितीतरी वेगानें वाहून नेतो. तिसरा गुण प्रसरणाचा: चाळीस सेंटिमीटर लांबीची अल्युमिनियमची पट्टी ८० अंशांनीं तापली तर सुमारें पाऊण मिलिमीटर वाढते, तेवढीच बिडाची पट्टी त्याच्या निम्म्यानें वाढते. चौथा गुण सर्वांत चमत्कारिक. हा धातु कापला, घासला वा ओरखडला कीं तत्क्षणींच हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून आपल्या अंगावर एक अति पातळ, पारदर्शक व कठीण कवच चढवितो. लोखंडाचा गंज लोखंडास खात जातो. अल्युमिनियमचें हें कवच मात्र आंतील धातूचें रक्षण करतें. शुद्ध धातु ६६० अंशांस वितळतो, पण तें कवच वितळावयास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. ज्या कारागिरास हें माहीत नाहीं तो डाग देतांना गोंधळांत पडतो: आंतला धातु पाण्यासारखा झालेला असतो, आणि वरून तो जागचा हललेलाही दिसत नाहीं, मग एकाएकीं सगळा भाग खालीं कोसळतो. म्हणून आर्गॉन वायूच्या आवरणांत, उलटसुलट वाहणाऱ्या विजेनें डाग देण्याची रीत या धातूस लागते. ती वीज कवच फोडीत जाते आणि वायु नवें कवच येऊं देत नाहीं.

मोटारींत हा धातु कोठें असतो? पद्मिनीच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि हेड अल्युमिनियमचें. याउलट तिच्या बरोबरीची अँबॅसेडर गाडी घेतली तर तिच्या पेट्रोल इंजिनाचें हेडही बिडाचेंच. रोल्स रॉईसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ या जुन्या राजेशाही गाडीचें क्रँककेस अल्युमिनियमचें होतें. १९४८ सालीं विलायतेंत लँड रोव्हर गाडी निघाली, तेव्हां युद्धामुळें पोलादाची टंचाई होती आणि विमानांकरितां तयार झालेलें अल्युमिनियम मुबलक होतें. म्हणून तिची बॉडीच अल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली गेली. बुलेट फटफटीचें क्रँककेस याच धातूचें. याखेरीज कित्येक गाड्यांच्या बाहेरील चकचकीत पट्ट्या व जाळ्या याच धातूच्या असतात.

दुरुस्तीची पहिली पायरी परीक्षेची. पांढरें दिसतें तेवढें सर्व अल्युमिनियम नव्हे. लोहचुंबक लावून पाहावा: चिकटला तर तें मुलामा दिलेलें पोलाद. न चिकटल्यास तें अल्युमिनियम असेल, पितळेवरील मुलामा असेल, किंवा जस्ताचें ओतकाम असेल. कार्ब्युरेटर, दारांच्या मुठी व कांहीं नक्षीचे तुकडे पुष्कळदां जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. जस्ताचें वजन अल्युमिनियमच्या अडीचपटींहून अधिक, म्हणून हातांत घेतांच अनुभवी माणसास भेद कळतो. हा भेद न करतां सर्वच तुकडे एका टाकींत टाकणारा माणूस पश्चात्ताप पावतो. दाहक सोडा, ज्यास बाजारांत कॉस्टिक म्हणतात, तो अल्युमिनियमला जलद खातो. त्यांतून हैड्रोजन वायूचे बुडबुडे उठतात व हा वायु पेट घेणारा आहे. पोलादी भाग धुण्यासाठीं वर्षानुवर्षें वापरांत असलेली कॉस्टिकची टाकी अल्युमिनियमच्या हेडास घातक ठरते. रात्रभर भिजत ठेवलेलें हेड सकाळीं काळें पडलेलें व खड्ड्याखड्ड्यांचें निघतें. रॉकेल, साबणाचें कोमट पाणी आणि मऊ कुंचला यांनीं जेवढी मळी निघेल तेवढी आधीं काढावी. त्यानंतरच पुढील उपाय.

आतां मुख्य अवयवाकडे, म्हणजे हेडाकडे वळूं. अल्युमिनियमचें हेड बिडाच्या ठोकळ्यावर बसविलेलें असतें, आणि दोहोंचें प्रसरण भिन्न. गाडी तापली कीं हेड अधिक पसरूं पाहतें, बोल्ट त्यास जखडून ठेवतात. निवाली कीं तें आकसतें. हजारों वेळां असें होऊनही तें सरळ राहतें, पण एकदां पाणी संपून इंजिन भडकलें कीं मात्र तें कमानीसारखें वांकतें. मग गॅसकिट फुटतें, तेल व पाणी एक होतात, आणि धुराड्यांतून पांढरी वाफ येऊं लागते. यास मिस्त्रीलोकांचा नेहमींचा उपाय म्हणजे हेड ‘फेसिंग’ला पाठविणें, म्हणजे यंत्रावर त्याचा तळ खरडून सपाट करणें. हा उपाय योग्य आहे, परंतु त्यास मर्यादा आहे. दर फेसिंगला हेडाची जाडी कमी होते; ज्या पोकळींत पेट्रोल पेटतें ती पोकळी लहान होते; दाब वाढतो व इंजिन ठोके देऊं लागतें. चाळीस वर्षांत पांच मालक आणि पांच फेसिंग झालेलें हेड सहाव्या खेपेस कामास येत नाहीं. म्हणून खरडण्यापूर्वीं पोलादी सरळ पट्टी हेडावर उभी, आडवी व कोनाकोनीं धरून, तिच्याखालीं मोजणीची पातळ पाती सरकवून वांक मोजावा. वांक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आंत असेल तर पुष्कळ वेळां फेसिंगची गरजच नसते. आणि खरडावेंच लागलें तर आवश्यक तेवढेंच खरडावें. ‘अजून थोडें चकचकीत करा’ असें सांगण्याची ही जागा नव्हे.

हेड उतरविण्याची व बसविण्याचीही एक शिस्त आहे. इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज बोल्ट सैल करूं नयेत. सोडतांना कडेकडून मध्याकडे यावें. आंवळतांना मध्यापासून कडेकडे जावें, आणि तेंही एका दमांत नव्हे, तर दोन-तीन फेऱ्यांनीं, कंपनीनें सांगितलेल्या जोरापर्यंत. पोलादाचा स्टड अल्युमिनियमच्या अंगांत अनेक वर्षें राहिला कीं दोन भिन्न धातु व ओलावा यांच्यामुळें एक सूक्ष्म बॅटरीच तयार होते, आणि तींत अल्युमिनियम झिजून पांढरी पूड सांठते. ती पूड स्टडास असें धरून ठेवते कीं जोर लावतांच स्टड तुटतो, किंवा आटे घेऊनच बाहेर येतो. येथें बळापेक्षां त्या धातूच्या स्वभावाचा उपयोग करावा. भाग तापविला कीं अल्युमिनियम पोलादापेक्षां अधिक पसरतें, भोंक किंचित् मोठें होतें, आणि झिरपणारें तेल आंत उतरतें. दोन-तीन वेळां तापवून व निववून, पुढेंमागें थोडें थोडें फिरवीत, स्टड जिवंत बाहेर काढतां येतो. आटे गेलेच असतील तर भोंक मोठें करून त्यांत पोलादी तारेचें आटेदार वेटोळें बसवितात. तें मूळच्या आट्यांहूनही बळकट ठरतें.

हेडाच्या पोटांतील पाण्याच्या वाटा हाही दुर्लक्षित विषय आहे. दख्खनच्या काळ्या खडकांतील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. तें रेडिएटरांत भरलें कीं त्याचे क्षार हेडांत सांचतात, उष्णता अडते, आणि धातूस खड्डे पडतात. शुद्ध केलेलें पाणी व गंजरोधक औषधयुक्त कूलंट वापरणें हें कोणत्याही पॉलिशपेक्षां अधिक मोलाचें आहे. दुरुस्त केलेल्या हेडाच्या बाह्यांगावर जितका खर्च होतो, त्याच्या एक-दशांश लक्ष जरी या पाण्याकडे दिलें गेलें, तरी तें हेड आणखी एक पिढी टिकेल.

पत्र्याच्या भागांची गोष्ट निराळी. अल्युमिनियमचा पत्रा ठोकला कीं तो कठीण होत जातो, आणि तसाच ठोकीत राहिल्यास तडकतो. जुने कारागीर त्यास मऊ करण्यासाठीं एक सोपी युक्ति करतात. पत्र्यावर साबणाची वडी घासावयाची आणि मागून ज्योत फिरवावयाची. साबणाचा पट्टा काळपट पडला कीं थांबावयाचें. तेवढ्या उष्णतेस, म्हणजे साडेतीनशें ते चारशें अंशांच्या आसपास, पत्रा मऊ होतो. लोखंड तापलें कीं लाल होऊन सावध करतें. अल्युमिनियम लाल न होतांच वितळतें, म्हणून ही साबणाची खूण. मग वाळूच्या पिशवीवर लांकडी मोगरीनें हलके ठोके देत पोचा काढावा. तांबटाच्या हातास हा ठोका नवा नाहीं. ज्या हातानें हंड्याचें पोट उठविलें, त्या हातास मडगार्डाचा पोचा काढणें जड जात नाहीं. फक्त तांब्यापेक्षां येथें चुकीस क्षमा कमी.

यानंतर चकाकीचा प्रश्न येतो, आणि बहुतेक लोक येथूनच सुरुवात करतात हीच मोठी अडचण. ज्या भागास मूळचीच चकाकी होती त्यास ती परत देण्याची रीत अशी. प्रथम खोल ओरखडे कानशीनें वा जाड वॉटर-पेपरनें काढावे. मग २२०, ३२०, ४००, ६०० अशा क्रमानें बारीक होत जाणारे कागद साबणाच्या पाण्यांत भिजवून वापरावे. दर वेळीं घासण्याची दिशा काटकोनांत बदलावी. मागच्या कागदाचे ओरखडे पूर्ण गेल्याखेरीज पुढचा कागद हातीं घेऊं नये. हें काम कंटाळवाणें आहे, आणि कंटाळा टाळण्यासाठीं मधली पायरी गाळणाऱ्यास शेवटीं आरशांत जुने ओरखडेच दिसतात. त्यानंतर बफिंगच्या चाकावर आधीं तपकिरी व नंतर पांढरी पॉलिशची वडी लावून भाग फिरवावा. लोखंडाचें काम केलेलें चाक अल्युमिनियमला लावूं नये. त्यांतील लोखंडी कण मऊ धातूंत रुततात आणि पावसाळ्यांत तेथें तांबडे ठिपके उमटतात.

कांहीं पट्ट्या कितीही घासल्या तरी उजळत नाहींत. त्यांचें कारण असें कीं त्यांच्यावर कारखान्यांतच विजेच्या साहाय्यानें जाड कवच चढविलेलें असतें. त्या क्रियेस ॲनोडायझिंग म्हणतात. ती विलायतेंत १९२३ सालापासून प्रचारांत आली. हें कवच म्हणजे धातूचें स्वाभाविक कवचच, पण शेंकडों पट जाड आणि फार कठीण. तें डागाळलें असेल तर सौम्य कॉस्टिकनें, डोळ्यांत तेल घालून, तें उतरवावें लागतें. मग पॉलिश करून तो भाग गंधकाम्लाच्या पाण्यांत धन टोंकास जोडून वीज सोडावी लागते, आणि शेवटीं उकळत्या पाण्यांत ठेवून कवचाचीं सूक्ष्म छिद्रें बुजवावीं लागतात. हें घरगुती काम नव्हे, कारखान्याकडेच द्यावें. ओतकामाचे भाग मात्र या क्रियेस देऊं नयेत. त्यांत सिलिकॉन पुष्कळ असल्यामुळें ते उजळ होण्याऐवजीं करडे व काळपट होतात.

ओतीव भागांच्या बाबतींत एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. हेडाचा वा क्रँककेसचा पृष्ठभाग कारखान्यांतून निघाला तेव्हां आरशासारखा नव्हताच. तो वाळूच्या सांच्याचा, किंचित् खडबडीत, राखाडी-पांढरा होता. त्यावर ओतकामाचे अंक होते, सांच्याच्या जोडाची बारीक रेघ होती. आज पुष्कळ ठिकाणीं असे भाग घासून घासून चांदीच्या ताटासारखे केले जातात. पाहणारा वाहवा करतो. पण त्या वाहवेची किंमत म्हणजे ते अंक व ती रेघ. अंक गेले कीं तो भाग कोणत्या वर्षाचा, कोणत्या सांच्याचा, हें सांगणारा साक्षीदारच नाहींसा झाला. अशा भागांस वाळूचा मारा न करतां, कमी दाबानें कांचेच्या बारीक मण्यांचा किंवा पाण्यांत विरघळणाऱ्या सोड्याचा मारा करावा. त्यानें मूळचें ओतीव रूप पुन्हां दिसूं लागतें. इंजिनाच्या आंतल्या वाटांत एकही कण राहूं नये म्हणून तो भाग अनेकवार धुवावा; कारण राहिलेला एक चिमूट कण नव्या बेअरिंगांचा नाश करण्यास पुरेसा असतो.

मूळ रूपाचा हा आग्रह केवळ रसिकांचा नाहीं. केंद्र सरकारनें जुलै २०२१ मध्यें मोटार-वाहनांच्या नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांच्या नोंदणीची स्वतंत्र व्यवस्था केली. पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला वेगळा क्रमांक मिळतो. पण अट अशी कीं वाहन मूळ स्वरूपांत राखलेलें असावें, आणि त्याचा सांगाडा, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. १९६४ सालची डिलाइट गाडी केव्हांच पन्नाशी ओलांडून गेली. तिचा मालक ज्या दिवशीं मूळचें हेड भंगारांत टाकून दुसऱ्याच जातीचें इंजिन बसवितो, त्या दिवशीं तो गाडी वांचवीत नाहीं. गाडीचें नांव तेवढें वांचवितो.

येथें दुसऱ्या पक्षाचेंही म्हणणें ऐकावयास हवें. गाडी ही वापरण्याची वस्तु आहे, संग्रहालयांतील मूर्ति नव्हे. मालकास चकाकी आवडत असेल तर ती त्यानें कां आणूं नये, असें कित्येक म्हणतात. या म्हणण्यांत तथ्य आहे. ज्या भागाच्या शंभर प्रती बाजारांत मिळतात, तो मालकानें हवा तसा उजळावा. परंतु ज्या भागाची दुसरी प्रत मिळणार नाहीं, तेथें हात आंखडता घ्यावा. कारण पॉलिश म्हणजे धातु काढून टाकणें, आणि काढलेला धातु परत बसत नाहीं. चकाकी उद्यांही आणतां येईल. गेलेला अंक उद्यां आणतां येणार नाहीं. हा विवेक राखला म्हणजे दोन्ही पक्षांचा निर्वाह होतो.

या कामांतील धोक्यांविषयीं दोन शब्द अवश्य सांगितले पाहिजेत. अल्युमिनियमची बारीक धूळ हवेंत दाटली तर ठिणगीनें तिचा स्फोट होतो. म्हणून लोखंड घासण्याचें चाक व अल्युमिनियम घासण्याचें चाक एकाच कोपऱ्यांत ठेवूं नये, आणि धूळ रोजच्या रोज काढावी. नाकातोंडास फडकें न बांधतां बफिंग करणाऱ्याची छाती कांहीं वर्षांत त्याचा हिशेब मागते. फिरत्या चाकाशीं काम करतांना धोतराचा सोगा, गळ्यांतील उपरणें, सैल बाही यांस थारा देऊं नये. भाग नेहमीं चाकाच्या मध्याखालीं धरावा, व त्याची कड चाकाच्या गतीच्या विरुद्ध कधींही येऊं देऊं नये; नाहींतर चाक तो भाग हिसकावून कारागिराच्याच अंगावर फेकतें. कॉस्टिक वापरतांना डोळ्यांस चष्मा, हातांस रबरी मोजे व शेजारीं भरलेली पाण्याची बादली हवी. आणि कॉस्टिक पाण्यांत टाकावें, पाणी कॉस्टिकवर ओतूं नये.

काम पुरें झाल्यावर राखण राहते. सोलापूरची हवा कोरडी. येथें उजळलेला भाग मेणाच्या एका हातावर कितीतरी महिने टिकतो. तोच भाग मुंबईस वा रत्नागिरीस नेला कीं समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानें त्यावर पांढरे फुलोरे उठतात. तेथें पुसणें व मेण लावणें वारंवार करावें. पारदर्शक रोगण लावण्याचा मोह होतो. परंतु इंजिनाच्या उष्णतेनें तें पिवळें पडतें आणि सालपटें निघूं लागतात. बाहेरच्या पट्टीस तें चालेल, हेडास चालणार नाहीं.

शेवटीं एक विचार. अल्युमिनियमचा एक मोठा सद्गुण असा कीं तें पुन्हां पुन्हां वितळवितां येतें. नवा धातु काढण्यास जी शक्ति लागते तिच्या सुमारें वीसाव्या हिश्श्यांतच जुन्याचें नवें होतें. म्हणून भंगाराच्या बाजारांत त्यास चांगला भाव मिळतो. पण याच सद्गुणामुळें जुन्या मोटारींचे अवयव सर्वांत आधीं नाहींसे होतात. गंजलेला लोखंडी सांगाडा वखारींत पडून राहतो. त्यावरचें हेड मात्र पहिल्याच आठवड्यांत मुशींत जातें. धातु जिवंत राहतो आणि वस्तु मरते. ज्या सोलापुरास वालचंदशेठांसारख्या पुरुषाचा अभिमान वाटतो, जेथें त्यांच्या नांवाचें तंत्रविद्यालय आहे आणि जेथें १९९२ पासून मोटारींचे कॅमशाफ्ट ओतण्याचा कारखाना चालत आहे, त्या शहरास हें शोभणारें नाहीं. ओतारी, तांबट, लेथवाले व मिस्त्री हे सर्व हात येथें आहेत. एखाद्या अंगणांत धूळ खात पडलेली डिलाइट वा पद्मिनी कोणाच्या दृष्टीस पडली, तर भंगारवाल्यास बोलावण्यापूर्वीं तिचें बॉनेट एकवार उघडून पाहावें, हेडावरील ओतीव अंक पुसून वाचावे, आणि मगच तिचा निकाल करावा. वितळविण्यास घाई कधींच नसते. तें काम केव्हांही करतां येतें. राखण्याची वेळ मात्र एकदां टळली कीं परत येत नाहीं.